कपाळावरची फुली

१

नत्थूजी मेला तेव्हा तो बरा होत होता. इस्पितळातले सगळे हेच सांगत होते, आणि म्हणूनच त्याचं मरण कोणाच्या गळी उतरत नव्हतं.

सावनेरच्या पुढे पिंपळडोहची कोळशाची खाण. पौषातली थंडी. सकाळच्या पाळीला आत छत बसलं आणि नत्थूजीच्या दोन्ही मांड्या दगडाखाली चेंगरल्या. त्याला वर काढलं, खाणीच्या अँब्युलन्समध्ये घातलं आणि नागपूरला मोठ्या इस्पितळात आणलं. येईपर्यंत तो ओरडत होता. वॉर्डात त्याला कांबळी गुंडाळली, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, शिरेतून आधी सलाईन आणि मग रक्त दिलं. दुपारकडे हाताला ऊब आली. त्याने पाणी मागितलं. इंदूबाई सिस्टरनी कापसाच्या बोळ्याने ओठ ओले केले तेव्हा म्हणाला, "रुख्मीले सांगजा सिस्टर, आता दुखून नाही राहिलं."

मग तो झोपला. इंदूबाईंना बरं वाटलं. इतका वेळ ओरडलेलं माणूस झोपलं की कोणालाही बरंच वाटतं. पुढच्या खाटा करून त्या परतल्या तेव्हा त्याची छाती हलतेय की नाही, हे थांबून बघावं लागलं. ओठ निळे पडले होते. पापणी उचलून पाहिली, तर बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या. डॉक्टर धावले, त्यांनी श्वास दिला, होतं नव्हतं ते केलं. नत्थूजी काही परत आला नाही.

त्या बाहुल्या इंदूबाईंच्या डोळ्यांसमोरून जाईनात. अफूच्या जातीचं औषध जास्त झालं की डोळे असे होतात. वॉर्डात त्याला तसलं काहीच दिलं नव्हतं. अँब्युलन्सबरोबर आलेल्या प्रथमोपचारवाल्या बळीरामने वाटेत मॉर्फिनची एक सुई दिल्याचं सांगितलं होतं; पण एका सुईने असं होत नाही.

खाणीवर शोध झाला. मॉर्फिनच्या दोन अँप्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, फुटलेल्या निघाल्या. एक अँब्युलन्सच्या पेटीतली, बळीरामने सांगितलेली. दुसरी खाणीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या खोलीतली. तिथले कंपाउंडर कृष्णकांत म्हणाले, ती मी दिली, आणि दिल्याची तांबडी फुली त्याच्या कपाळावर काढली. बळीराम म्हणाला, कपाळावर काहीच नव्हतं.

फुली असताना दुसरी सुई देणं म्हणजे जाणूनबुजून जीव घेणं. आणि पोळ्याच्या दिवशी नत्थूजीने चारचौघांत बळीरामच्या थोबाडीत मारली होती, हे सगळ्या वस्तीने पाहिलं होतं.

खाणीचे मॅनेजर मधुकरराव यांनी बळीरामला बत्तीघरात बसवून बाहेरून कडी घातली.

२

डॉक्टर प्रमोदिनी नागपुरात औषधशास्त्र शिकवायच्या. मागच्या पावसाळ्यात खाणीच्या प्रथमोपचारवाल्यांचा वर्ग त्यांनीच घेतला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी फोन केला. त्यांना फार काही नको होतं. किती मॉर्फिनने माणूस मरतो तेवढं सांगा, म्हणाले. बाकीचं उद्या पोलीस बघतील. प्रमोदिनीबाईंनी वर्षाची मुलगी शेजारच्या यमुताईंच्या कडेवर दिली आणि सावनेरची एसटी धरली.

बत्तीघर म्हणजे खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे ठेवण्याची लांबट खोली. दिव्यांच्या रांगेखाली बळीराम गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, आणि उत्तर चुकलं की आधी स्वतःच हसायचा. आज त्याने मान वर केली नाही.

बाईंनी पोळ्याचा विषय आधी काढला. तो लपवायला गेला नाही. म्हणाला, तोरणाखाली आपला बैल नत्थूजीच्या जोडीत घुसला, नत्थूजी तापला, त्याने लगावली. मीही म्हटलं, पाहून घेईन. संध्याकाळी नत्थूजी जिलबीचा पुडा घेऊन घरी आला होता, हे मात्र वस्तीने पाहिलं नाही.

"थोबाडीत मारलेली सगळ्याईले दिसते बाई. जिलबी कोणाले दिसत नाही." त्याने गुडघे सोडले. "अन् जीवच घ्यायचा असता, तर ड्रायव्हरले शिव्या देऊन देऊन गाडी काहून पळवली असती?"

मग बाईंनी त्याला वर्गातल्यासारखं विचारलं. सुई देण्याआधी काय बघायचं? काय देतो, किती देतो, कुठून देतो आणि आधी कोणी दिलंय का. पहिल्या तिन्हींची उत्तरं बरोबर होती. चौथ्याला तो म्हणाला, आधी कपाळ पाहिलं, साफ होतं. त्यावर भिस्त न ठेवता डोळेही पाहिले.

"तुम्हीच सांगतलं होतं ना, मॉर्फिन भिनलं का बाहुली बारीक होते म्हणून. बाहुल्या मोठ्याच होत्या. अन् तो तर ओरडून राहिला होता. कोणी देलं असतं तर ओरडला असता का?"

 ओरडणारा माणूस, मोठ्या बाहुल्या. अशा माणसाच्या अंगात मॉर्फिन नाही, असं बाईंनी स्वतःही म्हटलं असतं.

म्हणजे बळीराम खरं बोलत असेल, तर कंपाउंडरची सुई नत्थूजीला लागलीच नव्हती. मग त्या अँप्यूलमधलं औषध गेलं कोणाच्या अंगात?

३

मधुकररावांनी हा प्रश्न ऐकला आणि उठून खोलीचं दार लोटलं. आवाज खाली आणून म्हणाले, कृष्णकांतांबद्दल कुजबुज आहेच. दुपारी ते खुर्चीत पेंगतात, हे खाणीतल्या कुणालाही विचारा. अशा लोकांच्या हाताशी असलं औषध असलं, की पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

औषधाच्या खोलीत कृष्णकांत पाढे म्हटल्यासारखे, ओळीने एकेक, बाटल्यांची तोंडं पुसत उभे होते. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. बुशशर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातले, तीन पिढ्या कारकुनीत गेलेल्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात. नत्थूजीला वर आणलं, त्यांनी डाव्या दंडात सुई दिली. लाल औषधात काडी बुडवून कपाळावर फुली काढली. तेवढ्यात खालून निरोप आला, आणखी दोघं अडकलेत. ते पेटी घेऊन खाणीत वर-खाली करणाऱ्या पाळण्यातून खाली उतरले. बळीरामला काही सांगायला ते जागेवर नव्हतेच. खाणीवर कोणी कोणाला सांगायला थांबत नाही. म्हणूनच तर निरोप जखमीच्या कपाळावर लिहायचा. खालचे दोघं जिवंत निघाले.

बाईंनी त्यांना दारातल्या उन्हात बोलावलं, मग कपाटामागच्या अंधारात, मग पुन्हा उन्हात. बाह्या वर करायला सांगितल्या. कृष्णकांतांनी मुकाट्याने बटणं काढली आणि म्हणाले, "माझे डोळे बघताय ना? बघा. दुपारी पेंग येते, कारण आईला अर्धांग आहे आणि रात्री तिला दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागते. हे मी कोणाला सांगत नाही. सांगायचं कशाला?"

बाहुल्या अंधारात मोठ्या झाल्या, उन्हात आक्रसल्या. दंडावर एकही टोचल्याची खूण नव्हती. स्वतःला मॉर्फिन टोचणाऱ्याचे डोळे असे नसतात.

बाईंनी माफी मागितली. त्यांनी ती मान हलवून घेतली, आणि बटणं पुन्हा गळ्यापर्यंत लावली. दारापर्यंत आल्यावर त्यांना काही आठवलं. सुई देताना नत्थूजीचा दंड हाताला कसा लागला होता, ते त्यांनी सांगितलं. पौषातल्या पहाटे अंगणातला माठ लागतो तसा. मनगटाशी नाडी जवळजवळ नव्हती.

प्रमोदिनीबाई दारातच थांबल्या. दोघांपैकी कोण खोटं बोलतं, हे शोधायला त्या आल्या होत्या. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

४

मधुकररावांच्या खोलीत चहा आला. बाईंनी त्यांना विचारलं, तुमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली असेलच. थंडीत ती उलटी केली तर काय होतं? मधुकरराव म्हणाले, काय व्हायचंय, गोठलेली असते, थेंब पडत नाही. आणि उन्हात ठेवली तर? सगळं एकदम वाहतं.

रक्त गेलेल्या, गारठलेल्या माणसाच्या अंगातही तसंच होतं, असं त्या म्हणाल्या. हातापायांचं रक्त आत ओढलं जातं. दंडात दिलेली सुई दंडातच पडून राहते. मेंदूपर्यंत जायला तिला वाहनच नसतं. म्हणून कृष्णकांतांची सुई मिळूनही नत्थूजी ओरडत राहिला. म्हणून बळीरामला त्याच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या. पहिली सुई डाव्या दंडात, दुसरी उजव्या. दोन्ही तशाच थांबल्या. इस्पितळात त्याला ऊब दिली, सलाईन दिलं, रक्त दिलं. थंड हात गरम झाले, आणि दोन्ही सुया एकदम चालू झाल्या. धडधाकट माणूस त्यातूनही निभावला असता. नत्थूजी अंगाने काडी, त्यात रक्त गेलेलं.

मधुकररावांचा चहा निवला. सुया पटल्या, म्हणाले, पण फुली? ती काही दंडात पडून राहिली नव्हती. ती होती तर बळीरामला दिसायला हवी होती.

बळीरामला आणलं गेलं. बाईंनी विचारलं, कपाळ साफ म्हणजे नक्की कसं?

"साफ म्हणजे साफ. कातडी दिसत होती."

"आणि कान? मान?"

"काळेच. कोळशाने भरलेले."

बोलून झाल्यावर त्याने खाली पाहिलं. मधुकरराव मात्र खुर्चीत सरळ झाले. सारं आयुष्य खाणीत काढलेला माणूस तो. खालून वर आलेल्याचे डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसतात. कपाळ स्वच्छ असलेला गडी त्यांनी अजून पाहिला नव्हता.

कृष्णकांतांनी कोणी न सांगताच बाही वर केली. घामाच्या जागी हाताला तेल चोळलं, त्यावर कोळशाची भुकटी, आणि काडीने फुली काढली. शेजारी स्वच्छ कातडीवर दुसरी. ओला कपडा दोन्हींवर फिरवला. स्वच्छ कातडीवरची फुली जागची हलली नाही. कोळशावरची कोळशासकट निघाली. मागे हात उरला, कोरा.

 त्या हाताकडे पाहत ते म्हणाले, आधी कपाळ पुसून घ्यायला हवं होतं. बाई म्हणाल्या, हो. प्रथमोपचाराच्या पुस्तकात ही खूण ज्याने लिहिली, त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा कोळशाने माखलेला माणूस नव्हता.

पण मधुकररावांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, फुली कोणीतरी पुसली, एवढंच ठरलं. बळीरामनेच पुसली नाही कशावरून? पुसली, सुई दिली आणि वर आपणच सांगितलं की कपाळ साफ होतं. दुसऱ्या कोणाचं नाव असेल तर सांगा, नाहीतर उद्या सकाळी पोलीस ह्यालाच नेतील.

बाईंनी बळीरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, पण घाबरलेला दिसत नव्हता. तोंड मिटून बसलेल्या माणसासारखा दिसत होता.

"बळीराम, तुम्हाला माहीत आहे कोणी पुसलं ते."

 तो इतक्या हळू बोलला की मधुकररावांना पुढे वाकावं लागलं.

"तिचं पोरगं अंगावर पितं बाई. तिले नका सांगू. मी जातो पोलिसात."

५

कामगारांच्या चाळीत नत्थूजीच्या दारासमोर विझलेली गोवरी होती. आत त्याची आई प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याची बायको रुख्मिणी उंबऱ्याशी बसून मुलाला पाजत होती. तिचं वय विशीच्या पुढचं नसावं. बाई खाली बसल्या. मुलाला उचकी लागली तेव्हा तिने ते सहज त्यांच्याकडे दिलं, आणि त्यांनीही सहज खांद्याशी धरून त्याची पाठ चोळली. दोघी तेवढ्यापुरत्या एकसारख्या झाल्या.

बाईंनी एवढंच विचारलं, नत्थूजीला वर आणल्यावर तू जवळ होतीस का?

ती सांगू लागली. पोराला कडेवर घेऊन धावत आली, तेव्हा त्याला इंजिनघराजवळच्या निंबाखाली ठेवलेलं होतं. गाडी यायची होती. बाया रडत होत्या. ओरडून ओरडून तो निपचित पडला होता, कोणी म्हणालं, गेला.

"मी पाहिलं तर कपाळ लाल. घामानं सगळं पसरलं होतं. मले वाटलं, गुलाल लावला. आमच्यात माणूस गेला का लावतात, तसा. छातीवर हात ठेवला, तर धकधक होती वं बाई. मले असा राग आला. जित्या माणसाले गुलाल लावून ठेवला यायनं." तिने पदराचं टोक बोटात धरलं. "पदराले थुंका लावला अन् पुसलं. या पोराचं तोंड पुसतो ना, तसं. सारं कपाळ पुसलं. त्यानं डोळे उघडले. मले पाह्यलं त्यानं."

एवढं सांगताना तिचा चेहरा क्षणभर उजळला. त्या सगळ्या दिवसात तिच्यापाशी उरलेली तेवढी एकच गोष्ट होती.

बाईंना हवं होतं ते मिळालं होतं. उठून निघता आलं असतं. मूल खांद्यावर झोपेला आलं होतं.

"तुम्ही काहून विचारून राहिल्या?" रुख्मिणीने विचारलं.

उद्या हे मॅनेजरच्या खोलीत, पुरुषांच्या घोळक्यात, कोणीतरी तिच्या तोंडावर म्हणणार होतं. किंवा कोणीच म्हणणार नव्हतं, आणि बळीराम तुरुंगात जाणार होता. प्रमोदिनीबाईंनी मूल तिच्या मांडीवर परत दिलं, तिचं मनगट धरलं आणि सांगितलं. तो गुलाल नव्हता, औषध दिल्याची खूण होती. खूण दिसली नाही म्हणून दुसऱ्यांदा दिलं गेलं. शब्द त्यांनी सोपे ठेवले. एकही गाळला नाही.

प्रयागबाईने भिंतीकडचं तोंड न वळवता पदर डोक्यावर ओढून घेतला.

रुख्मिणी रडली नाही. तिने मुलाचं टोपडं काढलं, पुन्हा घातलं. मग विचारलं, पुसलं नसतं तर जगला असता का? बाई म्हणाल्या, पाय गेलेच होते, रक्त फार गेलं होतं. पुढचं कोणालाच सांगता येत नाही.

"पण त्या दुपारी?"

"त्या दुपारी गेला नसता."

गल्लीतून कोणाची तरी शेळी ओरडत गेली. रुख्मिणी तिच्याकडे बघत राहिली.

"बळीरामभाऊले हे ठाऊक होतं?"

बाईंनी होकाराची मान हलवली. गाडी घेऊन आला तेव्हा त्याने तिला कपाळ पुसताना पाहिलं होतं.

"अन् चूप राह्यला," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग होता, आणि तो कोणावर, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांच्या खोलीत एक हवालदार, जबाब लिहून घ्यायला कारकून, कृष्णकांत आणि बळीराम होते. प्रमोदिनीबाईंनी आदल्या दिवशी खोबरेलाच्या बाटलीवरून जे सांगितलं, तेच हवालदारालाही सांगितलं. कृष्णकांतांनी, कोणी विचारायच्या आत, फुली चुकीच्या जागी काढल्याचं कबूल केलं. ते म्हणाले, कोळशावर लिहिलं, ती चूक माझी. मधुकररावांनी हातानेच त्यांना बसायला सांगितलं. फुली कोणी पुसली, ते नाव अजून कोणी उच्चारलं नव्हतं.

रुख्मिणीला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली आणि मुलाला घेऊन दारात उभी राहिली. पुढे यायला सांगितलं तर म्हणाली, इथूनच सांगते. आणि बाईंना सांगितलं होतं तेच सगळं तिने सांगितलं. निंब, बाया, लाल कपाळ, पदर. आवाज कुठे अडखळला नाही. बळीराम मध्येच उठू पाहत होता, हवालदाराने त्याला खांद्याला धरून बसवलं.

मधुकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि कारकुनाला मजकूर सांगू लागले. मयताच्या पत्नीने अजाणतेपणी सदर खूण—

"अजाणतेपणी नाही, साहेब," रुख्मिणी म्हणाली.

कारकुनाचा टाक थांबला.

"जाणून पुसलं. तो जिता होता, म्हणून पुसलं. तसंच लिवा."

 कारकुनाने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी बाईंकडे, आणि बाईंनी मान खाली घातली, कारण यावर औषधशास्त्रात काहीच नव्हतं. मधुकररावांनी आधीचा शब्द खोडायला सांगितला. कारकुनाने तिचे शब्द लिहून घेतले, तिने सांगितले तसे.

हवालदाराने बळीरामच्या खांद्यावरचा हात काढला. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिच्यासमोर उभा राहिला.

रुख्मिणीने मूल त्याच्याकडे दिलं. "धर याले जरा," ती म्हणाली, "माहे हात भरून आले." आणि ती रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरू लागली, भिंतीला धरून, एकेक.